आधी चार तारखा, मग ॲप

प्रिय,

बंद पडलेल्या हातपंपाची तक्रार फोनवरून नोंदवता यावी म्हणून ॲप करायचं तुझ्या मनात आहे. पत्रासोबतचे आराखडे मन लावून पाहिले. कल्पना जीव ओतण्यासारखी आहे, म्हणूनच आराखड्याआधीच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक बिघाडाला चार तारखा असतात. पंप बंद पडला ती, मेकॅनिकला कळलं ती, सुटा भाग हातात आला ती आणि पुन्हा पाणी आलं ती. एक वही घे आणि मागच्या ३० बिघाडांच्या या चार तारखा मेकॅनिककडून आणि पंपाशेजारच्या घरांतून गोळा कर. काही तारखा सणावरून किंवा लग्नावरून आठवून सांगितल्या जातील, तरी चालेल. मग मधले दिवस मोज. समज, कळायला २ दिवस, वॉशर मिळायला १९ आणि बसवायला १ दिवस लागतो. मग तुझं ॲप या २२ दिवसांतले फार तर २ वाचवेल. खरा खोळंबा सुट्या भागांच्या साठ्यात आहे. कुठला भाग किती शिल्लक आहे आणि किती उरले की मागवायचे, एवढं दाखवणारा साधा तक्ता तिथे ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडेल. वहीतून असं काही निघालं, तर आराखडे खुशाल बाजूला ठेव.

कळायलाच उशीर होतो असं दिसलं, तर तक्रार कोण करणार ते बघ. पाणी भरणाऱ्या बाईकडे स्वतःचा फोन असेलच असं नाही. घरातला एकुलता एक फोन दिवसभर दुसऱ्याच्या खिशात असतो. त्यामुळे ॲप उतरवून घ्यायला सांगण्यापेक्षा साध्या फोनवरून चालणारा मिस्ड कॉल आणि उलट येणारा, रेकॉर्ड केलेल्या आवाजात विचारणारा फोन बरा. हा उलटा फोन घरातला फोन घरी असतो त्या वेळी, म्हणजे बहुधा संध्याकाळी, लाव. एसएमएस वापरणार असशील तर मजकूर मोजून लिही. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘दुरुस्ती’ हा एकच शब्द ८ जागा खातो. मजकूर लांबला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

कॉलवरून माणूस कळतो, पंप कळत नाही. म्हणून प्रत्येक पंपाला उलट्या फोनवर दाबता येईल असा क्रमांक हवा, आणि तो पंपावर ऑइल पेंटने, ओल्या हातानेही पुसला जाणार नाही असा लिहिलेला हवा. क्रमांक ५ अंकी ठेव: ४ अंक ओळखीचे आणि शेवटचा पडताळ्याचा, म्हणजे त्या चारांवरून गणिताने काढलेला; क्रमांक चुकला की तो जुळत नाही. लोक एक अंक चुकवतात किंवा शेजारचे दोन उलटे दाबतात. हा अंक काढायची व्हेरहोफची पद्धत या दोन्ही चुका पकडते. लून ही दुसरी पद्धत सोपी आहे, पण ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही. पहिला अंक शून्य मात्र ठेवू नकोस; स्प्रेडशीट तो गाळून टाकते आणि पंप हरवतो.

आता मेकॅनिकचा फॉर्म. तुझ्या आराखड्यात २३ प्रश्न आहेत. प्रत्येकासमोर लिही: या उत्तरावरून कोण, काय ठरवणार? नाव लिहिता आलं नाही तो प्रश्न काढ. बहुतेक ६-७ उरतील. ‘भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशी सक्ती तर अगदी मोजक्या जागी ठेव. उन्हात, पडदा धड दिसत नसताना, हाताला ग्रीस लागलेला माणूस सक्तीच्या रकान्यात ० किंवा ९९ दाबून मोकळा होतो. त्याच्यावर चिडू नकोस, चूक फॉर्मची आहे. मोजमापाच्या आकड्यांचा शेवटचा अंक तपासत जा. खरं मोजलं असेल तर ० ते ९ साधारण सारखे येतात. ० आणि ५ चाच ढीग दिसला, तर आकडे अंदाजाने भरले जात आहेत.

फॉर्मचं सॉफ्टवेअर नव्याने लिहीत बसू नकोस. ओडीके, कोबोटूलबॉक्स यांसारखी फॉर्मची तयार साधनं नेटवर्क नसताना नोंद फोनवर ठेवतात आणि मिळालं की पाठवतात. तरीही काही स्वतः लिहिलंसच, तर नोंदीचा ओळखक्रमांक फोनवरच तयार होऊ दे. तो सर्व्हरने द्यायचा ठेवला, तर अर्ध्यात तुटलेली नोंद पुन्हा पाठवली की एकाच बिघाडाच्या दोन तक्रारी होतात. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून नोंद भरल्याची आणि सर्व्हरवर पोचल्याची, दोन्ही वेळा जपून ठेव.

सगळ्यात जास्त विचार मात्र या गोष्टीचा कर: जो भरतो त्याला परत काय मिळतं? मेकॅनिकला उद्या कुठले पंप, कुठल्या क्रमाने आणि कोणते भाग सोबत न्यायचे, ही यादी संध्याकाळी फोनवर आली, तर तो फॉर्म मनापासून भरेल. कागदी रजिस्टरही चालू आणि ॲपही, असं दुहेरी ओझं टाकलंस तर काही महिन्यांत ॲप मागे पडेल. रजिस्टर कुठल्या तारखेला बंद होणार, हे वरिष्ठांकडून लेखी घेतल्याशिवाय सुरुवात करू नकोस.

तक्रार ‘मिटली’ हे मेकॅनिकने ठरवायचं नाही. तक्रार करणाऱ्याला फोन जाऊ दे: पाणी येत असेल तर १ दाबा, नसेल तर २. शिवाय मिटलेल्या दर २० तक्रारींमागे एक पंप प्रत्यक्ष हापसून बघ. तक्रारदाराचा नंबर मेकॅनिकला किंवा गावातल्या कोणाला दिसता कामा नये; तक्रार केली म्हणून रोष ओढवला की पुढच्या वेळी कोणी बोलत नाही.

सुरुवातीला तक्रारी वाढतील. ते चांगलं लक्षण आहे. ज्या पंपांची एकही तक्रार येत नाही त्यांची यादी काढ आणि तिथे जा. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा, २००८ च्या सुरुवातीला, लोकांनी पाठवलेल्या खबरा नकाशावर मांडण्यासाठी उशाहिदी हे संकेतस्थळ उभं राहिलं. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. पण असा नकाशा खबर पोचली तेवढीच जागा दाखवतो. ज्याला कळवता आलं नाही त्याची जागा कोरीच राहते. हातपंपांच्या नकाशावर कोऱ्या जागेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा कधीही लावू नकोस.

आणि हे तुझ्यामागे चालायला हवं. मिस्ड कॉलचा नंबर, डोमेन आणि सर्व्हरचं खातं तुझ्या नावावर नको, हे काम पुढे चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर घे. पासवर्ड दोघांकडे असू दे. दर वर्षीच्या खर्चात एसएमएस, कॉल, सर्व्हर आणि फोन बदलणं आधीच धर. अनुदान संपल्यावर हा खर्च कोण करणार, ते पहिल्याच बैठकीत विचार. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून सगळी माहिती दुसऱ्या संगणकावर खरोखर उभी करून बघ. सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल, उघडताना देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येतात का आणि ३ एप्रिलचा ४ मार्च होतो का, हेही तेव्हाच दिसेल.

वहीची पहिली पानं भरली की त्यांचे फोटो पाठव. ३० पुरे झाले नसले तरी चालेल, १० असले तरी खोळंबा कुठे आहे याचा अंदाज येईल.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी