पुरासारख्या आपत्तीसाठी शहर आधीपासून तयार कसं करायचं? नागरिकांच्या हातात काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव नदीकाठचं आहे, नगरपालिकेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे, पण त्याचा तुमच्या गल्लीला उपयोग काय ते कळत नाही. मी यातला तज्ज्ञ नाही. सांगलीच्या जुन्या पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि 2005, 2019, 2021 हे तिन्ही महापूर त्या दुकानानं अंगावर घेतलेत. तेवढ्याच अधिकारानं सांगतो.

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की खुशाली नंतर. आधी प्रश्न, ‘किती झालं?’ म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण त्या 45 चा माझ्या पायरीशी काय संबंध, हे 2019 पर्यंत मलाच सांगता आलं नसतं.

2005 ला नदी जवळपास 54 फुटांवर गेली तेव्हा दुकानात तीन फूट पाणी होतं. भिंतीवरची ती रेघ आम्ही रंग देतानाही पुसली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तसा सगळा माल त्या रेघेच्या वर दोन फूट चढवला आणि निर्धास्त घरी आलो. नदी 57 च्या वर गेली. पाणी उतरल्यावर शटर वर सरकेना. वह्या पाणी पिऊन फुगलेल्या, रॅकचे अँगल वाकलेले, आणि गठ्ठे असे गच्च बसलेले की पहारीनं उकरून काढावे लागले. रेघ ठेवली होती सावध राहण्यासाठी, आम्ही तिच्याच भरवशावर झोपलो.

मग शेजारचा भांडीवाला आणि मी एक उद्योग केला. आयर्विनचा आकडा आणि आमच्या चौकातलं पाणी यांची सांगड घालून शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवलं: गटार उलटं वाहायला लागतं तो आकडा, चौक भरतो तो, पाणी पायरीला लागतं तो. (पाणी नदीकडून रस्त्यानं येईल म्हणून लोक तिकडं बघत बसतात. ते आधी गटारातून येतं.) माझी पायरी 51 ला भिजते. 2021 च्या जुलैत नदी 55 च्या आसपास गेली, पण 45 झाल्याबरोबर आम्ही टेम्पो लावला होता. दुकानात चार फूट पाणी आलं आणि त्यात भिजायला एक लाकडी काउंटर तेवढा होता.

हा हिशोब जमतो याचं कारण आमचा पूर संथ आहे. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीला यायला एक-दीड दिवस लागतो. शिवाय हरिपूरला वारणा मिळते. ती भरून आली की कृष्णेला पुढं वाट मिळत नाही, पाणी तुंबतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. चिपळूणची गोष्ट वेगळी. 22 जुलै 2021 ला तिथं रात्रीतून काही तासांत बाजारपेठ गेली. डोंगरातून उतरणारी वाशिष्ठी, खालून भरती, टेम्पो लावायला वेळ कुठला? तिथं माल कायमचा वरच्या मजल्यावरच हवा. म्हणून आधी हे शोधा की तुमची नदी तुम्हाला दिवस देते की तास. दुसऱ्या गावाचा आराखडा उचलून चालत नाही.

बोटीची वाट बघू नका. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून 17 जण गेले. बोट लागायच्या आधी, चालत जाता येतंय तोवर निघायचं. म्हातारी माणसं घर सोडत नाहीत, त्यांच्यासाठी आधी जागा ठरलेली हवी. ‘कुठंतरी शाळेत’ म्हटलं की ती हलत नाहीत, ‘लेकीकडं’ म्हटलं की हलतात.

आणि पाणी साठवा, प्यायचं. पुरात पाण्याचा तुटवडा हे ऐकून बाहेरचे हसतात. 2019 ला कोल्हापुरात उपसा केंद्रंच बुडाली आणि अख्खं शहर टँकरवर आलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्यावर दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची बोंब.

विम्याबद्दल माझी चूक सांगतो. दुकानाचा आगीचा विमा होता. हप्ता कमी बसावा म्हणून वादळ-पुराचं कलम मीच वगळायला लावलं होतं, 2005 बघितलेल्या माणसानं. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा.

नगरपालिकेच्या पातळीवर मी एकच गोष्ट धरून बसेन. पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत कुठं भराव पडतोय ते फोटो काढून लेखी द्या. आमच्याकडं पाणी पसरायला ओत होते, नैसर्गिक सखल पट्टे. त्यात मुरूम टाकून प्लॉट पाडले, आता जोराचा पाऊस झाला तरी नदी न येता घरात पाणी. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं आमच्याकडं पाणी तुंबतं का, हा वाद मात्र मी टाळतो. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात आमच्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही, अर्ध्या सांगलीला ते पटलेलं नाही, आणि त्या वादात चहा गार होतो.

आराखड्याची प्रत मिळाली की शेवटची पानं आधी उघडा, तिथं संपर्काची यादी असते. त्यातले चार-पाच नंबर मे महिन्यातच लावून बघा. आमच्या भागाच्या यादीतला पहिला नंबर लावला तर त्या साहेबांची बदली होऊन दोन वर्षं झालेली. माणूस भला. मी सांगलीहून बोलतोय म्हटल्यावर भर उन्हाळ्यात त्यांनीच विचारलं, ‘किती झालं?’