चुंबकाने कंपवात जातो का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ६८) पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो त्याचं त्यांना काही वाटत नाही, पण उंबरठ्यापाशी पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. एका सेंटरने ‘ऑपरेशनशिवाय, चुंबकाने कंपवात बरा’ म्हणून २० बैठकांचं पॅकेज सांगितलंय. पैसे भरू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, इतक्यात भरू नका.

उपचार थोतांड नाही. त्याला टीएमएस म्हणतात, म्हणजे कवटीवरून चुंबकाने मेंदू चेतवणं. १९८५ मध्ये इंग्लंडात शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून, चुंबकाच्या ठोक्याने माणसाचा हात हलवून दाखवला. भूल नाही, चिरफाड नाही, नुसती टक्‌टक्‌. पण हा ठोका दोन-तीन सेंटिमीटरच आत जातो. डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या ज्या पेशी या आजारात मरतात, त्या मेंदूच्या पार तळाशी. म्हणून वरचा, हालचालींचा भाग चेतवायचा आणि खालपर्यंत परिणाम झिरपेल अशी आशा धरायची. काहींची चाल थोडी मोकळी होते, काही आठवड्यांनी बहुधा पुन्हा पहिल्यासारखी. कंपवात ‘बरा’ करणारा इलाज आज कुणाकडेच नाही. अमेरिकेत २००८ मध्ये टीएमएसला मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. आणखी एक गंमत : या आजारात नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन पाझरतं, त्यामुळे खोटं वेटोळं लावलेले रुग्णही ‘फरक पडला’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

पूर्वी फिट आली असेल, डोक्यात ऑपरेशनची धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल, पेसमेकर असेल, तर आधी सांगा. सेंटरने हे विचारलंच नाही, तर तिथून उठा.

आता उंबरठ्याचं. पाय कधी अडतात, गोळीनंतर किती वेळाने, हे आठवडाभर वहीत टिपा. पुढची गोळी जवळ आली की अडत असतील, तर वेळा बदलून पुष्कळदा काम भागतं. लेवोडोपा, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, जेवणाआधी अर्धा तास द्या. डाळ, दूध, पनीर यांच्याबरोबर ती नीट लागू पडत नाही. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, पावलाएवढ्या अंतराने. त्या ओलांडायला सांगा, ‘एक-दोन’ मोजा. हात धरून ओढू मात्र नका, माणूस तोंडावर पडतो.

मग ती वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि टीएमएसचं त्यांनाच विचारा. सेंटरवाल्यांनी गोळी थांबवायला सांगितली तरी थांबवू नका. एकदम बंद केली तर अंग ताठून तापाने जिवावर बेतू शकतं.