नवीन ड्युटी आणि सिनियरचा जाच

अगं, वॉर्डात नर्स म्हणून नवीनच लागलीस आणि सिनियर सिस्टर जाच करतात म्हणतेस, तर आधी हे बघ की त्या सगळ्यांवरच ओरडतात की फक्त तुझ्यावर. डोस चुकला म्हणून बोलणी खाल्लीस तर तो जाच नाही, इन्सुलिन आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांच्या डोसला तर कडकच असायला हवं. पण हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना, मुद्दाम अर्धीच माहिती देणं, रोज जास्त काम लागणारे जड पेशंट तुझ्याच गळ्यात मारणं, पेशंटसमोर अक्कल काढणं, हे वारंवार होत असेल तर तो जाचच.

सध्या एवढंच कर:

- घरी एक वही ठेव. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिही, आठवड्याने आठवून लिहिलेलं आपल्यालाच खरं वाटत नाही. पेशंटचं नाव त्यात नको, आणि हे गाऱ्हाणं केसपेपरवर तर अजिबात नको.
- हँडओव्हर बेडजवळ उभं राहून घे, ड्रिप, ड्रेनची नळी, चार्ट स्वतः बघ, अर्धवट वाटलं तर तिथंच विचार.

नवीन मुलींची नेहमीची चूक म्हणजे ओरडा बसेल म्हणून शंका न विचारताच औषध देऊन मोकळं होणं, त्यात जीव पेशंटचा जातो आणि नाव तुझं लागतं. दुसरी चूक, व्हॉट्सॲप ग्रुपवर राग काढणं. स्क्रीनशॉट फिरतात, माझा फिरलाय, असो.

लेखी तक्रार, कमिटी वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस, दोन-तीन आठवडे नोंदी होऊ देत मग बोलू. कुणी हात उगारला किंवा अंगचटीला आलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी वरच्यांना लेखी दे.