न्यूट्रल सुटला १८ मेला, पत्र आले ९ जुलैला

प्रश्न (थोडक्यात) : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून चक्की चालवणाऱ्या वाचकांचे पत्र आहे. १८ मेला संध्याकाळी वादळ येऊन गेले. तासाभराने लाइन आली आणि घरातले बल्ब एकदम पांढरेफटक पेटले. फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर आणि कूलरची मोटर जळाली. आळीतल्या आणखी पाच घरांत तेच झाले. रात्री लाइनमन आला, डीपीवर चढला, 'न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटला होता' म्हणाला आणि जोडून गेला. दुरुस्ती आणि नवा टीव्ही मिळून ३८,४०० रुपये गेले. 'स्पाइक गार्ड लावला होता, तरी असे झाले. ग्राहक न्यायालयात केस कोणावर करू, वीज कंपनीवर की स्पाइक गार्डवाल्यावर?'

उत्तर : भाऊ, कोणावर ते नंतर पाहू. वीज कंपनीला तुम्ही लेखी काय दिले, ते आधी सांगा. तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही लिहिता, लाइनमनला फोन केला, तालुक्याला जाऊन साहेबांना भेटलो, साहेब 'बघतो' म्हणाले. पुढे पेरणी लागली. कागद एकही नाही. दर उन्हाळ्यात मला अशी पत्रे येतात. गाव बदलते, जळालेल्या वस्तूंची यादी बदलते, 'तोंडी सांगितले होते' हे वाक्य मात्र बदलत नाही.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे वीज पुरवठा संहिता आणि कृतीच्या मानकांचे विनियम २०२१ चे आहेत. सेवेत कसूर झाली म्हणून त्यांच्याखाली भरपाई मागायची, तर दावा साठ दिवसांच्या आत कंपनीकडे द्यावा लागतो. तुमचे सगळे प्रकरण या साठ दिवसांवर उभे आहे. दिवस नुकसान झाल्यापासून मोजायचे की बिघाड दुरुस्त झाल्यापासून, यावर वकील मंडळी हुज्जत घालतात. तुमच्याकडे त्या हुज्जतीला जागाच नाही, कारण नुकसान आणि दुरुस्ती एकाच रात्रीची आहे. १८ मेपासून साठ दिवस १७ जुलैला भरतात. तुमचे पत्र मला ९ तारखेला मिळाले. हे तुमच्या हाती पडेपर्यंत जेमतेम आठवडा उरलेला असेल.

तर अर्ज आजच लिहा, आणि लिहिताना घटनांचा क्रम सांभाळा. मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही सरळ 'वादळामुळे नुकसान झाले' असे लिहिले आहे. कंपनीकडे तेच लिहाल तर तिचे उत्तर तुम्हीच तयार करून दिले असे होईल, कारण वादळ, पूर अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी त्याच विनियमांत कंपनीला सूट आहे. वादळ आले होते हे लपवू नका. पण वादळ शमले, लाइन बंद होती, मग कंपनीने ती सुरू केली, त्या वेळी डीपीवर न्यूट्रल सुटलेला होता आणि वस्तू तेव्हा जळाल्या, हा क्रम स्वच्छ येऊ द्या. वादळ होऊन गेल्यावर लाइन न तपासता चालू केली, एवढीच तुमची तक्रार आहे.

न्यूट्रलच सुटला होता हे सिद्ध कसे करायचे? लाइनमन लिहून देणार नाही, त्याला नोकरी आहे. पण पुरावा तुमच्याच पत्रात पडलेला आहे आणि तुम्ही तो ओळखला नाही. तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिले आहे, 'चक्की मात्र दुसऱ्या दिवशी बरोबर चालली.' चक्कीची मोटर त्याच डीपीवर आहे, पण थ्री फेज आहे. तिला न्यूट्रल लागत नाही. घरातली वस्तू एका फेजवर आणि न्यूट्रलवर चालते, तिला २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सलग जोडल्यासारखी होतात आणि फेज-फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या बाजूला कूलर, पंप असे जड काही चालू असते, तिथे दिवे मिणमिणतात. जिथे दोन बल्ब आणि टीव्हीच असतो, तिथे व्होल्टेज तीनशेच्या वर चढते. नियमाप्रमाणे ते सहा टक्क्यांपलीकडे हलायला नको, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्येच राहायला हवे.

त्या रात्री गावात कोणाकडे दिवे मंद झाले होते, ते विचारा. एका आळीत बल्ब फुटतात आणि दुसरीत मिणमिणतात, हे आकाशातल्या विजेचे काम नाही. अशा दोघा-तिघांचे आणि ज्यांचे जळाले त्या पाचही घरांचे सहीचे निवेदन अर्जाला जोडा. सहाही जणांनी आपापला ग्राहक क्रमांक टाकून वेगळा दावा दिला तर आणखी बरे. लाइनमनला त्या रात्री केलेल्या फोनची नोंद मोबाइलमध्ये असेल. तिचा फोटो काढून ठेवा, मोबाइल हरवायच्या आत. मीटरच्या नोंदीची प्रतही अर्जातच मागा. कंपनीची माणसे त्याला एमआरआय रिपोर्ट म्हणतात. तुमच्या मीटरने त्या रात्रीचे व्होल्टेज धरले असेलच असे नाही, पण मागायला काही पडत नाही. दिला नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

फ्रीजचा जळका बोर्ड मेकॅनिकलाच देऊन टाकलात, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. मेकॅनिककडे तो अजून पडला असेल तर परत आणा. नसेल तर 'जादा व्होल्टेजमुळे जळाला' असे त्याच्या बिलावर सही-तारखेसह लिहून घ्या. टीव्ही भंगारात गेला नसेल अशी आशा करतो.

पैसे किती मिळतील याची खात्री मी देणार नाही. विनियमांना जोडलेल्या तक्त्यातल्या रकमा पाहून हसू येते. प्रत्यक्ष नुकसान मागायचे तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येते आणि तुम्हाला स्वतः उभे राहून बोलता येते. मंच दुरुस्तीचा खर्च देईल की नाही, हे कागदांवर आणि थोडे समोर बसलेल्यांवर अवलंबून आहे. चार दिवस घर आवरायला चक्की बंद ठेवली त्याची मजुरी मात्र मागू नका. बुडालेला नफा आणि अप्रत्यक्ष नुकसान द्यायचे नाही, असे मंचाच्या नियमातच आहे. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत नागपूरला विद्युत लोकपालांकडे जाता येते. पुन्हा साठ दिवस. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे, मुदत तिथेही दोन वर्षांचीच. पण दोन्हीकडे एकदम जाऊ नका. एका ठिकाणी प्रकरण चालू असेल तर मंच ते घेत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी. माझ्या कपाटातल्या फायलींनी तो कायदा वाचलेला दिसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी मंच.

आणि स्पाइक गार्डवाल्याला सोडा. विजेच्या कडकडाटाने किंवा मोठी मोटर बंद होताना तारेत जो झटका येतो, तो सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याचा असतो. स्पाइक गार्डमधली चकती तेवढाच गिळते. सलग काही मिनिटे साडेतीनशे व्होल्ट आले की ती स्वतःच जळते. उघडून पाहा, आत काळा डाग असेल. फेकू नका, तोही पुरावा आहे. न्यूट्रल सुटण्यापासून वाचायचे असेल तर व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारा रिले मेन बोर्डावर बसवावा लागतो. साधा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, जादा व्होल्टेजला पडत नाही. आकाशातल्या विजेच्या झटक्यासाठी मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवाल, तर आधी अर्थिंग तपासून घ्या. मे महिन्यात काळी जमीन हातभर भेगाळते, तेव्हा कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी ओतले नाही तर ती तार नुसती शोभेची. उद्या कंपनीचा माणूस मंचात विचारेल, 'यांच्या घरी अर्थिंग होती का?' म्हणून आधीच वायरमनकडून तपासून त्याची पावती घ्या.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. बाबू 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवू नका. तिथून उठून पोस्टात जा, स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. १७ तारखेची वाट पाहू नका.