फिरून आलो तरी डोकं शांत होत नाही

"मॅडम, पाय चालून राहिले, पण डोकंही चालूनच राहिलं." निवृत्तीनंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले एक काका पहिल्याच भेटीत असं म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी जायचे. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत भराभर चालायचे आणि मुलाची नोकरी, घराचे हप्ते, स्वतःचा रक्तदाब यांची उजळणी करायचे. "सगळ्यांना बरं वाटते, मग मलाच काहून नाही?" हे मला बरेच जण विचारतात.

विचार थांबवायचा हट्ट धरला की ते थांबत नाहीत. थांबले का हे बघायलासुद्धा त्यांच्याकडेच वळावं लागतं. म्हणून मी काकांना वेगळंच काम दिलं: टिबुकली शोधा.

टिबुकली म्हणजे बदकाच्या पिल्लाएवढा, जवळजवळ बिनशेपटीचा पाणपक्षी. टुपकन बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. ती बुडाली की कुठे निघेल ती जागा मनात धरायची आणि बघत राहायचं. अंदाज बहुतेक वेळा चुकतो. पण तेवढे काही सेकंद मन पुरतं पाण्यावर असतं, हप्त्यांना तिथे शिरायला वाव नसतो.

पुढे काका स्वतःहून सांगू लागले. तारेवरचा खंड्या, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. काठावर मातकट दिसणारा वंचक बगळा उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो, याचं तर त्यांना कोण अप्रूप! दिवाळीच्या सुमारास शेपूट हलवत पळणारा धोबी पक्षी दिसला, तेव्हा विचारलं, "हा उन्हाळ्यात जाते कुठं?" उत्तरेकडे, हिमालयात आणि त्याही पलीकडे. मला या प्रश्नाचा फार आनंद झाला. तोवर त्यांचे सगळे प्रश्न स्वतःच्या काळजीचेच असायचे.

चिंता पूर्ण गेली नाही. रक्तदाबाची गोळी आणि आमच्या भेटी सुरूच आहेत. फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, जे तळं जवळ असेल तिथे हे करून बघा. इअरफोन खिशात ठेवा, आणि पक्ष्यांना पाव टाकू नका.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक उडाली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतूनही.