साठीच्या उंबरठ्यावर चालायला सुरुवात केली तर रक्तवाहिन्यांना खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ५८ आहे, साखर आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, वजनही आटोक्यात आहे; मग डॉक्टर रोज भरभर चालायला का सांगतात, आणि आता सुरू करून काय फरक पडणार? मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. फरक पडतो, आणि तो वजन किंवा कोलेस्टेरॉल कमी झाल्यावरच पडतो असंही नाही.

आधी वयाबरोबर काय होतं ते सांगते. हृदयातून निघालेला रक्ताचा झोत महाधमनीत शिरतो तेव्हा तरुणपणी तिची भिंत ताणली जाते, धक्का झेलते आणि मग रक्त संथपणे पुढे ढकलते. वर्षानुवर्षं हे चालल्यावर भिंतीतले लवचीक इलॅस्टिनचे तंतू तुटत जातात आणि सगळा भार कोलॅजेनच्या ताठ तंतूंवर येतो. म्हणूनच उतारवयात वरचं बीपी चढतं आणि खालचं बऱ्याचदा उतरतं. १५०/७० असं बीपी आलं की "खालचं तर छान आहे" म्हणून घरचे निर्धास्त होतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन आकड्यांतलं वाढलेलं अंतर हीच धमन्या ताठ झाल्याची खूण असते. मोठ्या धमनीने न झेललेला तो धक्का मेंदूच्या आणि मूत्रपिंडांच्या नाजूक वाहिन्यांवर जाऊन आदळतो.

दुसरा बदल आतल्या अस्तरात होतो. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, पण नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून वाहिनीला सैल करण्याचं काम त्याचं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की अस्तर खरवडून काढलेली धमनी सैल होण्याचा संदेश मिळूनही सैल होत नाही. या विषयातल्या कामासाठी त्यांना लुई इग्नारो आणि फरीद मुराद या शास्त्रज्ञांसोबत १९९८ चं नोबेल मिळालं. वय वाढतं तसं हे नायट्रिक ऑक्साइड कमी पडू लागतं, कारण शरीरातले मुक्त कण (फ्री रॅडिकल्स, म्हणजे चटकन दुसऱ्या रेणूंशी भिडणारे अस्थिर रेणू) ते वापरलं जाण्याआधीच नष्ट करतात.

इथे चालणं कामी येतं. भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो आणि अस्तरावरून जोराने घासत जातो. अस्तराच्या पेशींना हे घासणं जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढवतात. मुक्त कणांना आवरणारी एन्झाइमंही वाढतात. एका प्रयोगात बैठं काम करणाऱ्या वयस्कांना रक्तवाहिनीतून भरपूर क जीवनसत्त्व दिल्यावर त्यांच्या वाहिन्या पुन्हा नीट सैलावल्या, पण त्याच वयाच्या नियमित व्यायाम करणाऱ्यांना त्याने काहीच फरक पडला नाही, कारण त्यांच्यात मुळात उणीवच नव्हती. (म्हणून गोळ्या आणू नका; रक्तातली तेवढी पातळी गोळ्यांनी गाठता येत नाही.)

तुमच्या "आता काय उपयोग" या शंकेचं उत्तर मात्र कोलोराडोतल्या अभ्यासात आहे. हिरोफुमी तानाका, डग्लस सील्स आणि सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांनी तीन महिने मुख्यतः चालण्याचाच व्यायाम केला. त्यांच्या मानेतल्या धमनीची लवचीकता वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या समवयस्कांइतकी झाली, तीही वजन आणि बीपी जवळपास तसंच असताना.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. पाळी गेल्यानंतर अस्तरातली ही सुधारणा पुरुषांइतकी खात्रीने दिसत नाही. इस्ट्रोजेन कमी होण्याचा यात हात असावा. पण धमन्यांचा ताठरपणा त्यांच्यातही चालण्याने कमी झालेला दिसलाय, त्यामुळे चालणं सोडू नये.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण ती यात धरू नका. सायकल, पोहणं, जिने चढणं, काहीही चालेल. पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद ठेवलंत तर कमावलेलं बरंचसं ओसरतं, तेव्हा घरातल्या घरात काहीतरी चालू ठेवा.

छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर आधी तपासून घ्या. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की बरी होते, असं असेल तरीही दाखवा. पायाची धमनी अरुंद झालेली असू शकते. त्यावरच्या उपचारातही चालणं असतंच, फक्त ते देखरेखीखाली, दुखलं की थांबून आणि पुन्हा चालून करवून घेतात.