बदली बाबांची, अ‍ॅडमिशन पोरीची, गाव कुणाचं?

प्रश्न : ताई नमस्कार, आईला तुमचं सदर लई आवडतं, अंक आला की आधी हेच पान उघडते, म्हणून म्हटलं आपण पण एकदा लिहून बघावं. मी एका बँकेत आहे, वय ४४, जुळे सोलापूरला स्वतःचं वन बीएचके आहे. प्रमोशन आलंय पण सोलापूर सोडावं लागणार, लातूर नाहीतर सांगली, दोन्हीतलं एक कळवा म्हणालेत आणि १० जूनच्या आत हजर व्हायचंय. तीन वर्षांची बदली. मुलगी यंदा दहावी झाली, ८९ टक्के पडले, मुलगा सातवीत जाईल. मिसेस घरीच ब्लाऊज आणि फॉल-पिको करते, तिचं गिऱ्हाईक चांगलं बसलंय. आई ७२ ची, दोन्ही गुडघे गेलेत, शुगर पण आहे. माझं मत लातूर, कारण मेडिकलच्या नीटसाठी लातूरसारखं गाव नाही असं सगळेच म्हणतात, शिवाय भावकीतल्या एकाने सांगितलं की लातूरला बारावी केली की मराठवाड्याच्या कोट्यात नंबर लागतो, मार्क थोडे कमी असले तरी चालतात. मेव्हणे विजापूरला असतात, ते म्हणतात पोरीला आमच्याकडे ठेवा, बारावी हितंच करू दे आणि तुम्ही निवांत कुठं पण जावा. मिसेसला सांगली बरी वाटते पण का ते तिला सांगता येईना. मुलगी म्हणते कुठं पण चालेल, फक्त मॅथ्स सोडायला लावू नका. भाड्याचं बजेट दहा-बारा हजार. डोकं चालेना झालंय, तुम्हीच एक काय ते सांगा.
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी पण लातूरच म्हणणार होते. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या लेकीचं वाक्य डोळ्यात भरलं. एवढ्या मोठ्या पत्रात पोरगी एकदाच बोललीय आणि ते पण मॅथ्सबद्दल, आणि तुम्ही ते भाड्याच्या बजेटच्या आधी उरकून टाकलंय.

नीटच्या ७२० मार्कांत ३६० एकट्या बायोलॉजीचे, मॅथ्सचा एक प्रश्न नाही. इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीला पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप घेतला तर २०० पैकी १०० मॅथ्सचे. म्हणजे तिला ज्याची आवड आहे तो विषय एकीकडे निम्मा आणि दुसरीकडे शून्य. आता तुम्ही म्हणाल दोन्ही ग्रुप घेऊ की, बायोलॉजी पण धरून पीसीएमबी करू, नंतर बघू. मी २६ वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवलंय, हे "नंतर बघू" मी दरवर्षी बघितलंय, बारावीच्या दिवाळीपर्यंत पोरं चार वह्या घेऊन फिरतात आणि मग एक विषय गपचूप बॅगेतून गायब होतो, घरी कुणी सांगत नाही. तेव्हा गाव ठरवायच्या आधी आज रात्री जेवणं झाल्यावर तिला एकटीला घेऊन बसा आणि विचारा डॉक्टर व्हायचंय का, आणि "बघू" म्हणाली तर ते नाही असं समजा.

कोट्याचं आधी मिटवून टाकते. भावकीतले सांगतात ते अगदीच हवेतलं नाही, पण शिळं आहे. आपल्याकडे मेडिकलला ७०:३० होतं, म्हणजे मराठवाडा, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र असे तीन भाग आणि त्या त्या भागातल्या ७० टक्के जागा तिथंच बारावी झालेल्या पोरांना. ते सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने रद्द केलं. आता सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ८५ टक्के जागा अख्ख्या राज्याच्या एकाच मेरिटवर जातात, १५ टक्के ऑल इंडिया. लातूरला बारावी करा नाहीतर सोलापुरात बसून करा, या हिशोबात फरक शून्य. विजापूरचं मात्र भलतं अंगाशी येईल, कारण राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. अपवाद आहेत, केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झालेल्यांना वगैरे, ते तुम्हाला लागू होत नाहीत. विजापूर आपल्याला शंभर किलोमीटरवर असलं, तिथं निम्मे लोक आपल्याशी मराठीत बोलत असले तरी ते कर्नाटक आहे. मेव्हण्यांना प्रेमाने सांगा, सुट्टीला येतो म्हणून.

आता लातूर. लातूर वाईट नाही बरं का, उलट ज्याला नीटच द्यायचीय त्याला मी डोळे मिटून लातूर सांगते. लातूर पॅटर्न काय जादू नाही, रोज तेच तेच घासून घेणं आहे, टेस्ट घ्यायची, चुकलेलं परत सोडवायचं, परत टेस्ट. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी ते सुरू केलं आणि हळूहळू गावच त्यावर चालायला लागलं. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला एकदा त्या भागात उभं राहून बघा, सगळी पोरं पाठीला बॅग आणि हातात डबा, मेसच्या दारात चपलांचा ढीग, झेरॉक्सवाल्याकडे रांग, आणि सतरा वर्षांची पोरं एकमेकांना "किती पडले" एवढंच विचारतायत. सिनेमा नाही, क्रिकेट नाही. ज्याचं मन त्यात आहे त्याला हे वातावरण उचलून नेतं, आणि ज्याचं मन नाही ते पोरगं तिथं पहिल्या सहा महिन्यांत कोमेजतं, हे मी दोन्ही बघितलंय, एकाच घरातल्या दोन भावांत बघितलंय.

पाण्याचं पण सांगते, आपण सोलापूरकर पाण्याला भिणार नाही असं वाटतं पण भितो. आमच्या भाच्याला लातूरला रूम बघायला मीच गेले होते. तिसरा मजला, हवा छान, भाडं कमी, मी खूश होऊन डिपॉझिट देऊन आले. नळ कधी येतो हे विचारलंच नाही, आपल्याकडे चार-पाच दिवसांआड येतोच की, त्यापेक्षा काय वाईट असणार. घरमालकाने पण सांगितलं नाही. पोरगं दोन वर्षं खालच्या टाकीतून कॅन भरून तीन जिने चढलं. हे २०१६ च्या आधीचं बरं, २०१६ ला तर मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं लातूरला, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि ती गाडी गेली आपल्याच कुर्डुवाडीवरून. तेव्हापासून पाऊस बरा झालाय, मांजरा धरण भरलंय पण, तरी लातूरला घर बघताना बोअर किती फुटावर आहे हे किचनच्या ओट्याच्या आधी विचारायचं.

गंमत बघा, ज्या गावाने पाणी दिलं तेच तुमच्या मिसेसला बरं वाटतंय. सांगली-मिरज हे एकच गाव धरा, मधे आठ-दहा किलोमीटर, आणि मधल्या विश्रामबागला कॉलेजं. विलिंग्डन १९१९ चं. वालचंद इंजिनिअरिंग १९४७ चं, आणि ज्यांच्या नावाचं ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ ला इथंच जन्मले, तेव्हा पोरगी तिथं गेली तर माहेरच्या माणसाकडेच गेली म्हणायचं. मॅथ्सवाल्या पोरीला सायकलवरून जाता-येता ते गेट दिसत राहिलं की बापाने वेगळं मोटिव्हेशन द्यायला लागत नाही. क्लासेस तिथं पण आहेत, लातूरएवढी गर्दी नाही एवढंच, आणि अकरावीत चुकून बायोलॉजीच आवडायला लागली तर मिरजेला १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे तिथली पोरं नीट देतच नाहीत असं काही नाही.

सांगलीची भीती म्हणजे कृष्णा. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत आलं. मी २०१९ नंतर एका मैत्रिणीकडे गेले होते, गावभागात, हॉलला नवा रंग दिलेला पण माझ्या खांद्याच्या वर एक आडवी रेघ रंगातून परत उमटलेली, आणि स्विचबोर्ड सगळे एवढ्या उंचीवर नेलेले की तिच्या धाकट्याला फॅन लावायला स्टूल लागायचा. तर तिथं घर बघताना एजंटला विचारू नका, समोरच्या किराणावाल्याला विचारा, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं, तो बोट दाखवून सांगेल.

आणि इथंच आईंचे गुडघे येतात. त्यांना तळमजला पाहिजे किंवा लिफ्ट. सांगलीत नदीकडच्या भागात तळमजला म्हणजे जुलै आला की छातीत धडधड, तेव्हा विश्रामबाग किंवा मिरजेकडची बाजूच बघा, ती त्यामानाने उंचावर आहे. मिरजेची एक गोष्ट माझ्या मते तुमच्या घरासाठी अ‍ॅडमिशनपेक्षा मोठी, ते दवाखान्यांचं गाव आहे. वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला तिथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडचे, पार कर्नाटकातले लोक मिरजेला जातात. आईंचे गुडघे आज ना उद्या दाखवायचेच आहेत ना? रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर असलं तर दाखवले जातात, नाहीतर "पुढच्या महिन्यात" चालू राहतं.

मिसेसना कारण सांगता येईना म्हणता, मी सांगू का? तुम्ही दहाला बँकेत, पोरगी क्लासला, पोरगा शाळेत, घरात दिवसभर राहणार त्या आणि सासूबाई. गाव त्यांनाच सर्वात जास्त सोसायचंय. ब्लाऊजचं गिऱ्हाईक ओळखीने येतं, नव्या गावात वर्षभर मशीन निम्मी रिकामी राहणार हे धरून चाला, दोन्हीकडे. खरं सांगायचं तर पैशाच्या बाबतीत त्यांना लातूरला लवकर जम बसेल, हॉस्टेलच्या पोरींचे ड्रेस अल्टर करायचं काम भरपूर, आणि डबे करायला घेतले तर शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर सोलापूरवाली म्हणून नाव होईल. पण डबे करायचे नसतील तर करायला लावू नका. एक मात्र करा, घर रस्त्याला लागून घ्या, ब्लाऊज टाकायला येणारी बाई गल्लीत आत शोधत बसत नाही.

राहिला मुलगा, त्याचं तुम्ही एका ओळीत संपवलंत. पण हिशोब करा. पोरगी दोन वर्षांत बारावी होऊन कुठं तरी जाणारच, लातूरला राहिलात काय आणि सांगलीला राहिलात काय. तीन वर्षांची बदली, म्हणजे पोराची सातवी, आठवी, नववी तिथं, आणि बरोबर दहावीला तुमचं परत सामान बांधायचं. तुम्ही पोरीची दोन वर्षं बघून गाव ठरवताय आणि अडकणार पोरगा. म्हणून बँकेला उत्तर देतानाच चौथ्या वर्षाचं बोलून ठेवा, आत्ता त्यांना तुमचा होकार पाहिजे, आत्ताच ऐकतील.

तर माझं उत्तर सांगली, राहायला विश्रामबाग-मिरज रोडकडे, आणि तुमचं एकट्याचं नाव लातूरला टाकून घर सोलापुरात ठेवायचं असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. लातूर तुळजापूरवरून अडीच-तीन तासांवर आहे म्हणून ते सोपं वाटतं, शनिवारी आला सोमवारी गेला, पण दोन चुली, दोन गॅस, आणि आईंना रात्री शुगर लो झाली तर मिसेस एकट्या. सांगली लांब आहे हे खरं, मंगळवेढा-सांगोल्यावरून एसटीने चार-साडेचार तास तर जातातच, गड्ड्याच्या जत्रेला यायचं तर रजा टाकावी लागेल. जुळे सोलापूरचं घर विकू नका, भाड्याने द्या. पोरगी खरंच मनापासून डॉक्टर म्हणाली तर माझं उत्तर लातूर, पण तिने म्हणायला पाहिजे, तुम्ही नाही.

आणि घाई एकाच गोष्टीची करा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, सोलापुरात दहावी झालो म्हणून ओळखीच्या कॉलेजात जाऊन फी भरून आलो असं आता होत नाही. पसंतीची कॉलेजं भरताना दहापर्यंत नावं देता येतात, ती भरायच्या आधी गाव पक्कं पाहिजे. पहिल्या नंबरला घाईघाईत सोलापूरचं कॉलेज टाकून ठेवाल आणि नेमकं तेच लागेल.

प्रश्न : ताई, आम्ही अक्कलकोटचे. मुलाची लातूरला अ‍ॅडमिशन ठरलीय, तो नीटच देणार म्हणतो, त्याचं पक्कं आहे. त्याच्याबरोबर रूम घेऊन दोन वर्षं मी राहावं की त्याला हॉस्टेलला ठेवावं? धाकटी पाचवीत आहे, तिला तिच्या आजीकडे ठेवावं लागेल.
(एक आई)

उत्तर : लातूरला रूम करून राहिलेल्या आया खूप आहेत, पोरगा क्लासला गेला की त्या जिन्यात बसून एकमेकींना घरची आठवण सांगतात. ताई, तुमचा पोरगा सतरा वर्षांचा होईल आणि धाकटी दहा वर्षांची आहे, आई कुणाला जास्त लागते ते तुम्हालाच माहिती आहे म्हणून तर तुम्ही तिचं शेवटी लिहिलंय. हॉस्टेलला ठेवा. पहिला महिना दर रविवारी जावा, मेसमध्ये त्याच्याबरोबर बसून एकदा जेवून बघा, भात कच्चा असेल तर मेस बदला, आणि येताना कपडे धुवायला आणू नका, त्याला धुवू द्या. टेस्टच्या आधी आठ दिवस जाऊन राहायचं असेल तर राहा. बारावीच्या जानेवारीनंतर मात्र हवं तर रूम घ्या, तेव्हा धाकटीची सहावी अर्धी झालेली असेल आणि तिला आजीकडे चार महिने गंमत वाटेल.

जाताना शेंगा चटणी न्या, पण डबा दोन किलोचा न्या, रूममधली बाकीची तीन पोरं पहिल्याच दिवशी संपवतात.